परिषदेतली नववी रात्र

बासुर्तोच्या बाजारापाशी बसच्या रांगेत नेरेइदाच्या पुढे दोघीजणी उभ्या होत्या. म्हातारीच्या हातात मेणबत्त्यांचा पुडा होता आणि तरुणीच्या हातावर इस्त्री केलेला रंगीत झगा.

“आज तुझं पोर जाऊन नववी रात्र, एमेलिना. पोराला निरोप द्यायचा सोडून तू तटाच्या आतल्या शहरात परिषदेच्या मेजवानीत गाणार?”

“पाहुण्यांना नेमकं मर्तिकाचंच गाणं हवंय, मावशी. मी नाही म्हटलं, तर आपल्या कुठल्याच बाईला पुन्हा बोलावणार नाहीत.”

“मग घरी कोण गाणार?”

“तुम्ही गा ना.”

“आईने गायल्याशिवाय त्याचा आत्मा घर सोडायचा नाही. ठाऊक आहे ना?”

“तिथेच त्याच्यासाठी गाईन. गाण्यात हळूच त्याचं नाव घेईन. ऐकून येईल तो.”

“जेवणाच्या टेबलांमधून?”

“येईल.”

“आणि वर ते टाळ्या वाजवतील.”

“वाजवू देत.”

नेरेइदाची बस आली. तिने ती जाऊ दिली.

“पोरी, त्याच सभागृहाच्या दारापाशी तो पाण्याच्या बाटल्या विकायचा. पहारेकऱ्यांनी त्याला कधी आत पाऊल टाकू दिलं का?”

एमेलिनाने झगा दुसऱ्या हातावर घेतला.

“मग बाहेरूनच ऐकेल, मावशी. त्याला सवय आहे.”