दत्तूच्या टेस्टिंगचं गाणं

अध्यक्ष महाराज, मंडळी, आणि तिकडं खांबाला टेकून बसलेल्या दत्तूच्या आई, आमच्या मावशी,

मला बोलता येणार नाही, असं मी सकाळीच सांगितलं होतं. तरी या शोकसभेत माझं नाव पुकारलंत. आता ऐकून घ्या.

दत्तू आपल्या गावचा स्पीकरवाला. लग्न असो, जत्रा असो, पुढाऱ्याची सभा असो, कर्णे दत्तूचेच. परवाच्या सभेत तो खांबावर चढला आणि शॉक लागून गेला. तेव्हापासून गावात एकच ऐकतोय, "विंग्रजी गान्यांच्या नादात हुता, ध्यान नव्हतं." मघाशी एका वक्त्यांनीही हेच जरा गोड करून सांगितलं. मावशींसमोर सांगितलं!

तो नाद कसा लागला, मला ठाऊक आहे. कोपरगाव स्टेशनच्या स्टॉलवर इंग्रजी गाण्यांचं एक मासिक यायचं. शिळा अंक आला तरी दत्तू सायकल दामटत जायचा. मॅट्रिक नापास गडी, मांडीवर डिक्शनरी घेऊन वाचायचा. त्यात 'पॉवर पॉप' नावाच्या गाण्यांवर लिहिलेलं असायचं. तोवर त्यातलं एकही गाणं त्यानं ऐकलं नव्हतं, मंडळी. नुसतं वाचून प्रेमात पडला. मला म्हणायचा, "आरं ऐक, गिटार खणखणीत, ढोल जोरात, पन चाल लई गोड. आन् तीन मिंटात खेळ खलास. असं गानं असतंय व्हय?" पुढं मुंबईहून कशीबशी एक रेकॉर्ड मिळवली. पहिल्यांदा वाजवली आणि रडला. म्हणाला, "लिवनाऱ्यानं खोटं न्हाई लिवलं."

ती रेकॉर्ड तुम्हीही ऐकलीत. कार्यक्रमाआधी टेस्टिंग करताना तो तीच लावायचा, कारण टेस्टिंगला कोणी हरकत घेत नाही. तुमची पोरं ती चाल शिटीवर वाजवतात. पण गाणं चालू असताना दत्तू काय करायचा, पाहिलंत कधी? टेस्टर घेऊन एकेका खांबापाशी जायचा. वायर चाचपायचा. कुठल्या कर्ण्यातून गिटार येत नाही, कुठं ढोल फाटतोय, कान लावून ऐकायचा. एकेक वाद्य सुटं सुटं ऐकायला त्याला त्या मासिकानंच शिकवलं. गाणं वाजत असायचं, तेव्हा त्याचं सगळं ध्यान कामावर असायचं.

मग परवा काय झालं? सभा भरवणाऱ्यांनी दत्तूला सांगितलं, "पाहुने मोठे हायेत, ते थिल्लर गानं नको. टेस्टिंग-बिस्टिंग काय न्हाई, डायरेक्ट चालू कर." दत्तू म्हणाला, "गानं न्हाई लावत, नुसतं खांब बघू द्या." तेवढंही करू दिलं नाही. भाषण सुरू झालं. मागचा कर्णा बंद पडला. दत्तू म्हणाला, "मेन स्विच पाडा, मग चढतो." उत्तर काय मिळालं? "पाहुन्यांचं भाषन तोडायचं व्हय? तसाच चढ!"

तसाच चढला. लाकडी शिडी लावली आणि वर जाऊन लोखंडी खांबाला हात घातला. ट्यूबलाइटची वायर त्याच खांबाला घासून सोलली होती. सभेआधी टेस्टर लावू दिला असता तर कळलं असतं. हो, नक्की कळलं असतं.

ध्यान कुणाचं नव्हतं, मंडळी?

आता फोटोला हार घालताय. म्हणताय, मासिकानं पोराचं वाटोळं केलं. अहो, त्या मासिकानं त्याला एक सुख दिलं. आपण काय दिलं? घाई दिली. हुकूम दिला. आणि तो गेल्यावर वर बोल लावला. मला याची चीड येते. तुमच्यासमोर सांगतो, फार चीड येते.

मावशी, तुमच्या दत्तूची चूक नव्हती. मी त्या मंडपात होतो, शब्द न् शब्द ऐकलाय. कोणी काहीही सांगितलं तरी हे मनातून जाऊ देऊ नका.

रिवाजाप्रमाणे आता दत्तूसाठी दोन मिनिटं स्तब्ध उभं राहायचंय. "टेस्टिंग नको" म्हणणारे इथंच आहेत, पुढच्या सतरंजीवर. त्यांनी आधी उभं राहावं.

तोवर आम्ही बसून आहोत.