एकशे आठ पायऱ्या आणि एक टॉवेल

...आणि वर मलाच विचारतात, उद्धवराव, एवढं काळजाला भिडणारं कसं हो लिहिता? अहो, कसं लिहितो म्हणजे? लेकीनं लिहायला लावलं म्हणून लिहिलं, आणि आता भोगतोय. तुम्हाला सांगतो, माणसानं काय वाट्टेल ते करावं, पण तपशील देऊ नये.

झालं असं, की आमची सोसायटी चऱ्होलीत, आम्ही सहाव्या मजल्यावर, आणि लिफ्ट बंद. किती दिवस? चार महिने. घरात माझी आई, दुर्गाबाई, वय एक्याऐंशी, दोन्ही गुडघे गेलेले. धाराशिवकडचं गाव सोडून माझ्याकडे आली ती काय कोंडून घ्यायला? आमचे चेअरमन नानासाहेब. त्यांना सकाळी विचारा, संध्याकाळी विचारा, एकच उत्तर, "पार्ट यायचाय, उद्धवराव." कुठून यायचाय, चंद्रावरून? ते स्वतः पहिल्या मजल्यावर, त्यांचं काय जातंय...

तर आमच्या भागातल्या रहिवाशांचा फेसबुकवर ग्रुप आहे, तिथं मी लिहिलं, "चार महिने लिफ्ट बंद. फार त्रास होत आहे. कृपया लक्ष द्यावे." तिघांनी अंगठा दाखवला, एकानं हात जोडले, आणि एकानं त्याच्याच खाली टू बीएचके भाड्यानं द्यायची जाहिरात टाकली.

माझी मुलगी स्वप्नाली मारुंजीत राहते, हिंजवडीच्या एका कंपनीत वेबसाइटचा मजकूर लिहिते. रविवारी आली, सहा मजले चढून धापा टाकत बसली, माझी पोस्ट वाचली आणि म्हणाली, "बाबा, 'त्रास' म्हणजे काय? काही दिसतच नाहीये. तपशील द्या. आकडा द्या, प्रसंग द्या, वाचणाऱ्याला जिन्यात उभं करा." मला पटलं हो. चाकणला कंपनीत क्वालिटीला आहे मी, बावीस वर्षं नापास पार्टांच्या रिजेक्शनच्या चिठ्ठ्या लिहितोय, "भोक मोठं आहे" असं लिहिलं तर साहेब चिठ्ठी परत फेकतात, किती मोठं, किती नगांत, सगळं लागतं. उठलो, पायऱ्या मोजल्या. एकशे आठ. लिहिलं. खाली भाजीवाली सरूबाई मेथीची जुडी वर धरून दाखवते आणि आई सहाव्या मजल्याच्या गॅलरीतून "शिळी हाय" म्हणून ओरडते. तेही लिहिलं. तपशील द्या म्हणे, घ्या तपशील.

स्वप्नाली म्हणाली, "छान झालंय. पण अजून आत जात नाही. आजीला दवाखान्यात नेलं होतं, ते लिहा ना."

ते दवाखान्याचं. मार्चमध्ये आईला ताप चढला, उलट्या सुरू झाल्या. प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून आम्ही चौघांनी तिला उतरवलं. खुर्ची सारखी कलत होती, आई डोळे मिटून बसलेली. तिसऱ्या मजल्याच्या वळणावर तिचं लुगडं ओलं झालं. मी पुढच्या बाजूला होतो, मला एकट्याला दिसलं. खांद्यावरचा टॉवेल काढून तिच्या मांडीवर टाकला. रिक्षात बसल्यावर तिनं माझं मनगट धरलं आणि म्हणाली, "कुनाला सांगू नको, लेकरा."

मी लिहिलं. खोडलं. परत लिहिलं. स्वप्नालीनं वाचलं, डोळे पुसले, म्हणाली, "बाबा, हीच ती ओळ." आई रिक्षात काय म्हणाली होती, ते मात्र तिला सांगितलं नाही. तेवढा एक तपशील गाळला.

मग काय विचारता... दोन दिवसांत हजारो लोकांनी वाचलं. एक म्हणतो, "एकशे आठ कशा? आमच्याकडे सहा मजल्यांना एकशे बारा आहेत." त्यावर चाळीस जणांचं भांडण. एक बाई म्हणतात, "टॉवेलचं वाचून जेवण गेलं नाही." आणि एक कोण अवधूत, "रडवलंत काका. लोकेशन पाठवा, त्याच एरियात फ्लॅट बघतोय." नानासाहेब पहिल्यांदा सहा मजले चढून वर आले, दारातच बसले, पाणी प्यायले आणि म्हणाले, "सोसायटीची अब्रू घालवलीत हो." सोसायटीची. पाचव्या दिवशी पार्ट आला. बघा, तपशिलाची ताकद.

लिफ्ट सुरू झाली त्या सकाळी आई धुतलेलं लुगडं नेसून तयार होती. जरा गॅलरीत उभी राहिली, तर खालून सरूबाई, तिला तिच्या सुनेनं फोनवर माझी पोस्ट वाचून दाखवलेली, मायेनंच ओरडली, "मावशे, बरी हायेस ना आता? ते टॉवेलाचं आयकून लई वाईट वाटलं बग." सगळ्या गॅलऱ्यांतून माणसं वर बघायला लागली.

आई आत आली. "काय लिवलास रे?"

"लिफ्टचं लिहिलं, आई."

"वाचून दाखीव."

सगळं वाचलं, एक शब्द न गाळता. ती ऐकत होती. शेवटी म्हणाली, "पायऱ्या बरुबर मोजलास." आणि भिंतीकडे तोंड करून पडली. मी पोस्ट काढून टाकली, पण काढून काय होतंय? ती तोवर लोकांच्या फोनमध्ये गेलेली. स्वप्नालीला सगळं सांगितलं तर ती फोनवर रडली, "आजी नको म्हणाली होती, हे मला आधी का नाही सांगितलंत?" लिफ्ट सुरू होऊन तीन आठवडे झाले, आई एकदाही खाली उतरलेली नाही. माझ्याशी बोलते, नाही असं नाही. जेवलास का, दार लाव, एवढं.

परवा गेटजवळ नानासाहेबांनी गाठलं. खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "उद्धवराव, तुमच्या लेखणीत दम आहे बरं का. आता टाकीच्या पाण्याचं घ्या. गढूळ येतंय. ते पिऊन घरात कुणी आजारी पडलंय का?"

म्हटलं, आईचा तपशील आता मिळणार नाही. थांबा, मीच पिऊन बघतो.