पुलावर दोन नवऱ्या

(बाळांनो, जत्रेत खाजा विकणाऱ्या शेवंताकाकूंनी आपल्या पडवीत बसून हे मला सांगितलं. लोकांचं बोलणं तेवढं मालवणीत ठेवलं आहे.)

माझा जन्म नांदगावच्या बाजूचा, बाई. वडील भात लावायचे, आई खाजा करून जत्रांत विकायची, गुळाचा पाक कधी उतरवायचा ते मी तिच्याकडून शिकले आणि तोच धंदा मला जन्मभर पुरला. शाळा म्हणाल तर दुसरी. मग लग्न ठरलं पुलापलीकडच्या गावात, आणि तेव्हा लग्न नवऱ्याच्या दारात लागायचं, मुहूर्त दुपारचा.

खारेपाटणचा तो जुना पूल तुम्ही पाहिलाय, दोन्ही बाजूंना तिरप्या लोखंडी पट्ट्या, डोक्यावरही लोखंड, जसा काय पिंजरा, आणि रुंदी अशी की लॉरी आली की दुसरीनं बाहेर थांबायचं. आमची लॉरी मधोमध पोचली आणि समोरून दुसरी, तीपण नवरीची, निकाह होऊन खारेपाटणला सासरी निघालेली. आता काय सांगू तुम्हाला, नवरीला वाटेतून मागं फिरवायचं नाही, आमच्यात तसं, त्यांच्यातही तसंच. मामा ओरडतात, आमचो मुहूर्त टळतलो, तुमी मागे घेवा. तिकडून तिचे चाचा म्हणतात, नवी सून मागे फिरवू? जमाचा नाय. मागं एसटी अडकलेली, कंडक्टर म्हणतो, लगीन हंयच लावा, जेवूक आमी आसंवच. सगळे हसले, मी रडत होते, मुहूर्त टळला तर सासू म्हणणार पोरगी पांढऱ्या पायाची, आणि मला दारातूनच परत पाठवणार.

तेवढ्यात माझी आत्या लॉरीतून खाली उतरली. मेल्यांनु, मागे जावचा नाय ता नवरेन, गाडयेक कसलो अपशकुन? पोरी चलत पुढे जावंदेत, त्यांची गाडी आमका, आमची त्यांका.

तसंच केलं, आम्ही दोघी चालत एकमेकींच्या लॉरीकडे निघालो, मग लॉऱ्या आल्या वाटेनं मागं जाणार. नवरीनं नवरीचं तोंड बघू नये म्हणून मधे लुगडं धरलं, पण नदीवरचा वारा, लुगडं गेलं वर. तिचंही काजळ रडून गालावर आलेलं. ती हसली, मीही हसले.

मुहूर्त गाठला हो आम्ही. पण घाईत ट्रंका होत्या त्या लॉरीतच राहिल्या. संध्याकाळी सासूनं बायकांसमोर ट्रंक उघडली तर आत जरीचे कुडते आणि अत्तराची बाटली. मी सगळं सांगितलं. सासू म्हणाली, नवरी तरी आमचीच आयली मा? आणि अशी हसत सुटली, की माझी भीती तिथंच गेली. दुसऱ्या दिवशी त्या पुलावरच्या नवरीचा दीर माझी ट्रंक घेऊन आला, वर नारळाच्या वड्यांचा डबा. जुबेदा तिचं नाव.

आता शेजारी नवा पूल झालाय, गाड्या तिकडून धावतात. जुबेदाचे गुडघे गेले, म्हणून बाजाराच्या दिवशी मी तिच्याच पायरीवर टोपली मांडते, आणि ती गिऱ्हाइकाला सांगते, ही माझी लॉरी घेवन पळाली, पण खाजा बरो करता. सगळं बरं चाललंय, बाई. तुमच्या तिकडच्या पोरांनाही देव असंच सुखात ठेवो.