माझ्या आणीबाणीला मीच

...आणि वर मलाच विचारते ती सिस्टर, ‘आजी, हा नंबर कोणाचा हो? तीन तास लावतोय आम्ही, सारखा बिझी! तुमच्या घरचं माणूस इतका वेळ बोलतंय तरी कोणाशी?’ आता काय सांगू तिला? डोक्याला सात टाके, घशाला कोरड, हातात सुई, आणि ही पोरगी माझाच फोन माझ्या नाकासमोर नाचवतेय! अहो, तो नंबर माझा होता. माझाच! तीन तास माझ्याच फोनवरून मलाच फोन लावत बसले होते ते सगळे, मग बिझी नाही लागणार तर काय होईल?

हसा, हसून घ्या. पण तुम्हाला सांगते, ही चूक बावळटपणानं झालेली नाही. पूर्ण विचार करून, चष्मा पुसून, डोकं ठिकाणावर असताना केलेली चूक आहे ही. आणि माझं मी केलं, कोणाला विचारलं नाही.

आजवर विचारलं कधी? मला शाळा ठाऊक नाही. शिवणकाम शिकले ते जुने कपडे उसवून उसवून, आणि वाचायला शिकले ते कापणीच्या कागदांवरून. जुन्या वर्तमानपत्रांचे बाह्या-गळे कापलेले असायचे ना, ते पुढ्यात घेऊन अक्षर अक्षर लावायची. बाही जिथे वळली तिथे बातमी संपली! कुठल्या तरी पुढाऱ्यानं राजीनामा दि... पुढे काखेचा गोल. दिला की दिला नाही, मला आजतागायत माहीत नाही. पण वाचायला आलं. चाळीस वर्षं मशीन चालवलं, मुलगा शिकवला, तो समुद्रापलीकडे गेला, नवरा वर गेला, मी इथेच. माझं मी केलं, कोणाला विचारलं नाही.

तर हा फोन मुलानं पाठवला. मी आधी त्याला कुलूप लावलं. अंगठ्याचं नाही हं, आकड्यांचं. अंगठा त्याला कळतच नाही! लावला की म्हणतो, पुन्हा प्रयत्न करा. चाळीस वर्षं कात्री धरून रेघाच उरल्या नाहीत अंगठ्यावर, तो बिचारा ओळखणार कशावरून? म्हणून आकडे. आणि आकडे कोणाला सांगितले? कोणालाच नाही. सांगायचे तर कुलूप कशाला लावायचं, तुम्हीच सांगा!

मग नातीचा फोन. नात तिकडची, घाईनं बोलते. ‘आजी, कुलूप लावलंस ते ठीक, पण कुलूप न उघडता दिसेल असा एक नंबर ठेव. तू कुठे पडलीस-बिडलीस तर लोकांना कळायला नको?’

म्हटलं, ‘मी का पडू?’

‘अगं, कोणीही पडतं, आजी.’

‘आजोबा पडले होते तुझे. मी नाही पडत.’

‘बरं, नाही पडत तू. पण नंबर घाल ना! थांब, व्हिडिओवर दाखवते कसं करायचं ते.’

दाखवते म्हणे! मी बसले ना त्या दुपारी मशीन बंद करून. तो फोन मी बाहीच्या कागदासारखाच वाचला, अक्षर अक्षर लावत. सापडलं. कुलपाबाहेर दिसणारी माहिती. रकानेच रकाने. नाव? आता फोन चोरणाऱ्याला मी माझं नाव कशाला सांगू? लिहिलं, ‘मालकीण’. रक्तगट माहीत नव्हता, सोडून दिला. औषधं? लिहिलं, ‘खासगी’. ऍलर्जी, म्हणजे कशाचा त्रास होतो? याला मात्र मी क्षणभरही थांबले नाही. लिहिलं, ‘थोरली जाऊ’.

थांबा, जाऊबाईंचं सांगते नंतर. आधी शेवटचा रकाना. आणीबाणीत कोणाला कळवायचं? इथे मात्र बोट अडलं बघा. मुलाचा घालावा, तर माझा दिवस तेव्हा त्याची झोपेची वेळ, आणि जागा असला तरी तिकडून करणार काय, काळजी? सुनेचा घालावा, तर ती आधी त्यालाच उठवणार. इस्त्रीवाल्याचा घालावा, तर तो म्हणणार, आजींनी माझ्या गळ्यात लोढणं बांधलं. एकेक नाव पुढे आलं आणि मागे गेलं. तो चौकोन आपला उघडाच्या उघडा, उभी रेघ लुकलुकतेय त्यात. मला राग आला! म्हटलं, आजवर माझ्या अडीअडचणीला कोण धावलं? मीच ना? घातला माझाच नंबर! माझं मी केलं, कोणाला विचारलं नाही.

आणि पंधरा दिवसांत पडले. तेही कुठे? बटणांच्या दुकानात! नेहमीचं दुकान बंद पडलं म्हणून तिकडे लांब, ओळख ना पाळख, तिथे गेले होते चेन आणायला. उभ्या उभ्या डोळ्यांपुढे अंधारी आली आणि गेले खाली, जाता जाता बटणांचा खण ओढला, म्हणजे मी आणि दोनतीनशे बटणं एकदमच जमिनीवर. दुकानदार भला माणूस. पाणी मारलं, गाडी बोलावली, हॉस्पिटलात पोचवलं. पिशवीत काय? टेप, खडू आणि हा कुलूपबंद फोन.

शुद्धीवर आले तर पायाशी पाटी. ‘अनोळखी. स्त्री. वय अंदाजे ऐंशी.’

ऐंशी! त्र्याहत्तर पूर्ण झाली नाहीत मला! टाक्यांचं एक वेळ सोडून देते, ते नंतर आरशात बघितले मी, इतके लांब टाके तर मी कच्च्या शिवणीलाही घालत नाही. पण ऐंशी? आणि अनोळखी? अख्ख्या गल्लीला माझ्या हातचे कपडे घातलेत, आणि मी अनोळखी!

डॉक्टर आला, पोरगाच होता, पण चेहरा गंभीर. म्हणाला, ‘आजी, तुमचं रक्त थांबत नव्हतं. तुम्ही कुठली गोळी घेता ते आम्हाला कळायला हवं होतं. फोनवर पाहिलं.’ आणि त्या सिस्टरनं मोठ्यानं वाचून दाखवलं हो, शेजारच्या सहा खाटा ऐकताहेत! ‘नाव, मालकीण. औषधं, खासगी. ऍलर्जी, थोरली जाऊ.’

डॉक्टर हसला नाही. म्हणाला, ‘तुमच्याबद्दल एवढ्या एकाच माणसाचा पत्ता लागत होता आम्हाला. तोही अर्धा. मी यांना म्हटलंही, ही जाऊ सापडते का बघा.’

‘नाही सापडायची,’ म्हटलं. ‘अकरा वर्षं बोलत नाही आम्ही.’

‘सापडल्या ना,’ म्हणाला. ‘बाहेर बसल्यात. गोळीचं त्यांनीच सांगितलं. त्या आल्या म्हणून आज फार बिघडलं नाही.’

तुम्हाला सांगते, त्या टाक्यांनी दुखलं नाही इतकं ते दुखलं.

जाऊबाई राहतात माझ्या खालच्या मजल्यावर. अकरा वर्षांपूर्वी त्यांच्या लेकीचं लग्न होतं आणि सगळे कपडे शिवायला टाकले बाहेर! परक्या शिंप्याकडे! वर सख्खी धाकटी जाऊ मशीनवर बसलीय, तिच्या पायांचा आवाज तुम्हाला छतातून ऐकू येतोय, आणि तुम्ही गठ्ठा उचलून दुसरीकडे जाता? त्या दिवशी बोलणं तोडलं मी. जिन्यात समोर आल्या की मी कठड्याकडे बघते, त्या भिंतीकडे बघतात. अकरा वर्षं भिंत आणि कठडा.

आणि त्याच आत येतात, गुडघा धरून, घामाघूम, आणि येताच कशा करवादल्या! ‘चेन काय इथे मिळत नाही म्हणून तिकडे मेलीस तडफडायला? चार दुकानं पालथी घातली मी!’

मी चादर नाकापर्यंत ओढली. मग सिस्टरनंच विचारलं, ‘तुम्हाला कळलं कसं हो, या पडल्या ते?’

‘हिचं मशीन दोनला सुरू होतं,’ म्हणाल्या. ‘जेवून उठली की दोनला. आज अडीच वाजले तरी डोक्यावर शांत. वर गेले तर कुलूप. इस्त्रीवाला म्हणाला, चेन आणायला गेल्या. मग निघाले शोधत.’

‘आणि गोळीचं कसं कळलं?’

‘तर! लेकाशी फोनवर बोलते ती का ओरडते, सगळा जिना ऐकतो. सकाळची पांढरी गोळी, रक्त पातळ करायची, अर्धी. कधीकधी विसरते. ते नाही सांगत लेकाला.’

  मग म्हटलं, विचारून टाकावंच. ‘कपडे बाहेर का टाकलेत?’

त्यांना वाटलं मला वात झाला. ‘कुठले कपडे?’

‘लेकीच्या लग्नातले.’

‘अगं बये! तुझ्या डोळ्याचं ऑपरेशन होऊन आठ दिवस झाले होते तेव्हा. डॉक्टरनं वाकू नको म्हणून सांगितलं होतं. तुला विचारलं असतं तर तू हट्टानं बसली असतीस शिवायला. म्हणून नाही विचारलं.’

‘मग सांगितलं का नाही?’

‘तू विचारलंस कधी?’

झालं! माझं मी केलं, कोणाला विचारलं नाही... हे वाक्य मी आजवर किती दिमाखात म्हटलंय, पण त्या खाटेवर ते मला पहिल्यांदा दुसऱ्याच्या कानानं ऐकू आलं. फार बरं नाही वाटलं.

घरी आल्यावर फोन काढला. तोच चौकोन. माझा नंबर पुसला आणि खाली गेले. अकरा वर्षांनी त्या दारात उभी राहिले आणि म्हटलं, ‘जाऊबाई, नंबर सांगा तुमचा.’

‘पाठ नाही मला. डब्यात आहे फोन.’

‘कसल्या डब्यात?’

‘बिस्किटांच्या. बंद करून ठेवलाय. चालू ठेवला की संपतो ना तो!’

बघा! म्हणजे हॉस्पिटलवाल्यांकडे हिचा नंबर असता तरी काय दिवे लागले असते? मी बसून तो चालू केला, नंबर काढला, माझ्या फोनात घातला. मालकीण पुसून माझं नाव लिहिलं, खरं. गोळी लिहिली, अर्धीसकट. ऍलर्जीच्या रकान्यातली जाऊ मात्र तशीच ठेवली, खरं ते खरं. त्यामुळे आता एकच बाई दोन ठिकाणी आहे, जिचा त्रास होतो तिथेही आणि जिला बोलवायचं तिथेही. डॉक्टरानं काय समजायचं ते समजावं.

मग वर येऊन कुलूप न उघडता लावून पाहिला. वाजतोय, वाजतोय, उचलत नाहीत. पुन्हा लावला. तिसऱ्यांदा खाली गेले तर फोन परत डब्यात, झाकण घट्ट, आणि बाई शेजारीच बसून शेंगा सोलताहेत!

‘अहो, वाजतोय तो!’

‘हो का? मला नाही गं तो ऐकू येत. बारीक वाजतो. तुझं मशीन येतं ऐकू.’

तर काय करणार, तुम्हीच सांगा. मुलगा म्हणतो चांगला फोन घे, नात म्हणते आवाज वाढव, डॉक्टर म्हणतो एकटीनं लांब जाऊ नका. मी सगळ्यांना हो म्हणते. पण मनाशी एक ठरवून टाकलंय. यापुढे पडायचंच झालं, तर दुपारी दोननंतर, घरात, मशीन चालू असतानाच पडायचं.