एका दमात चोवीस नावं

आदरणीय अध्यक्ष मोहनराव, व्यासपीठावरील मान्यवर, आजचे सत्कारमूर्ती बबनआप्पा आणि आपल्या दूध संस्थेच्या सभासद बंधू-भगिनींनो,

आप्पांच्या निरोपाचं बोलण्याआधी मला माझी एक चूक दुरुस्त करू द्या. आठ मार्चच्या महिला मेळाव्यात याच माइकवरून मी सांगितलं होतं, की फुफ्फुसाच्या कॅन्सरवर किरणांचे उपचार झाल्यावर आप्पांचा श्वास होता तसा झाला, ते पुन्हा सगळी यादी एका दमात वाचतात. ते खरं नव्हतं.

दूध मापण्याआधी आपले सचिव बबनआप्पा सभासदांची नावं पुकारतात आणि त्याच क्रमाने कॅन लागतात. आजाराआधी आप्पा एकेचाळीस नावं एका दमात घ्यायचे. मार्चमध्ये यादी तशीच संपली आणि माझे डोळे भरून आले. पण गेल्या आठवड्यात माझ्या काकूला, वच्छलाबाईंना, तोच आजार निघाला. "आप्पावानी श्वास येतो ना? मग जाते त्या उपचाराला," ती म्हणाली. तेव्हा खात्रीसाठी मी रजिस्टर काढलं. मार्चमध्ये एकोणीस घरांची जनावरं चारा छावणीत होती. यादीच बावीस नावांची उरली होती.

आप्पांना सांगितलं, तर ते म्हणाले, "शिवकन्ये, जनावरं गेली छावणीला, अन् शाबासकी माझ्या फुफ्फुसाला व्हय?"

मग खरं काय? उपचारांआधी ते सव्विसाव्या नावाला थांबत. उपचारांनंतर, डिसेंबरात, सतराव्यालाच. किरणांनी फुफ्फुसाला सूज येऊ शकते, हे डॉक्टरांनी आधीच बजावलं होतं. ती गोळ्यांनी उतरली. काल आप्पांनी चोवीस नावं घेतली. म्हणजे श्वास वाढलेला नाही, दोन नावं कमीच आहेत.

पण खोकला थांबला. आप्पा पाठ टेकून झोपतात, भाकरी मागून घेतात, आणि पाणी घातलेलं दूध आणणाऱ्याला पूर्वीसारखं सोलून काढतात. काही जण मान खाली घालून हसतायत, त्यांना ठाऊक आहे.

औरंगाबादला मी त्यांच्यासोबत होते. बोराएवढी ती गाठ पडद्यावर श्वासाबरोबर वरखाली होताना मी पाहिली. यंत्र त्या हालचालीवर डोळा ठेवून नेमकं तिथंच किरण सोडत होतं. ना चीर, ना टाका. पाचच वेळा. तेव्हापासून गाठ वाढलेली नाही. त्या दिवशी मला हात जोडावेसे वाटले; कुणाला, ते अजून कळलेलं नाही.

शाळेआधी मला अक्षरं काकूनं शिकवली, चुलीपुढं बसवून. चुकलं की पुसून परत काढायला लावायची. परवा भीत भीत तिला हे सारं सांगितलं. ती उपचारच नको म्हणेल, ही धास्ती होती. ती म्हणाली, "मला कुठं यादी वाचायची हाय? भाकरी थापता थापता तुझ्याशी बोलता आलं तरी लई झालं. पर तू आदी समद्यांपुढं खरं सांग. मग येते."

काकू समोर तिसऱ्या ओळीत बसली आहे. आत्ता तिनं मान हलवली.

आप्पा, तुमच्या हाताखाली काम करायला मिळालं, त्याचे आभार मला नीट मांडता येत नाहीत. सर्वांनी ऐकून घेतलंत, उपकार झाले. बोलण्यात कमीजास्त झालं असेल, तर आपलं लेकरू समजून पोटात घाला. येत्या सोमवारी, तीन जूनला, सकाळी सहाच्या एसटीनं मी काकूला घेऊन औरंगाबादला निघणार आहे.