पाठीवरचा लाल रंग

अरे, चितेगावच्या बीपी शिबिरात माझी काय शोभा झाली, ऐका. मी घसा फोडून सांगत होतो, "बीपीवाल्यांनो, मीठ कमी करा, भजी तर बंदच!" आणि गडी सगळे सलीमभाईंच्या भज्याच्या गाड्याकडं बघत होते.

मी वैतागलो. "यांच्यावर लक्ष ठेवणार कोण?"

मेंढरं राखणारे बिरूमामा उठले. "सोप्पंय डाक्टरसायेब. मेंढराला डोस पाजला की आमी पाठीवर रंग लावतो. कुणालाबी वळखू येतं."

मी हसलो, मामा नाही हसले. रंगाची डबी घेऊन बीपी मोजणाऱ्या सिस्टरांमागं उभेच राहिले. ज्याचं बीपी जास्त, त्याच्या सदऱ्यावर मागून लाल बोट! वर सलीमभाईंना ताकीद, "लाल दिसला की भजी द्यायची नाय."

मोजणी सुरू झाली तेव्हा लोकांची भीती मोडावी म्हणून सिस्टरांनी पहिलं बीपी माझंच मोजलं होतं. पुढच्या भाषणाच्या घाईत आकडा विचारायचा राहिला.

संध्याकाळी भूक लागली लई. गाड्यावर गेलो. "सलीमभाई, एक प्लेट भजी. मिरचीला मीठ जरा जास्त लावा."

"साब, जरा पलटो."

मी वळलो.

"नक्को साब. सुबह से आधा गाव वापस भेज्या, तुमकू कैसा दूं?"