बूट न काढणारी पाहुणी

आजी : अगं, पण घरात आल्यावर बूट कोण पायात ठेवतं? अंगात कोट, पाठीवर दप्तर, आणि खुर्चीच्या कडेवर अशी टेकलीये, जसा काही दवाखान्यात नंबर लागायचाय.

सून : हळू बोला, आई. ऐकू जातंय तिला.

आजी : जाऊ दे. मी दारातच म्हटलं, ‘ये गं खारूबाई, हे तुझंच घर.’ तिचं नाव घातलेली उशी दाखवली. आठ दिवस डोळे फोडून भरलंय ते. तर एक नाही की दोन नाही. उलट रंगच उडाला पोरीचा.

सून : त्यावरच बोलायचंय. आधी पाणी द्या.

आजी : घे. आणि हे पुडकं कुणाचं? बांधलेलं तसंच आहे.

सून : माझ्या ताईकडचं, काल संध्याकाळचं. सगळी पोरं नाताळच्या झाडाखाली बसून टराटरा कागद फाडत होती आणि ही पुडकं मांडीवर घेऊन गप्प. ताईनं तिच्यासाठी वेगळी खाट लावलेली, नवीकोरी चादर, ‘कधीही राहायला ये गं.’ हिनं त्या खोलीत पाऊल टाकलं नाही. ताईचं तोंड एवढंसं झालं.

आजी : होणारच. तिची माया मोठी आणि रुसवा मायेहून मोठा.

सून : आज सकाळी थोरल्या भाऊजींकडे. जाऊबाईंनी न्हाणीघरात हिच्यासाठी दात घासायचा ब्रश आणून ठेवलेला, दाराशी हिच्या नावाची खुंटी. तेवढी अक्षरं येतात हिला. खुंटीवरचं नाव वाचलं आणि तडक जाऊन गाडीत बसली. मागच्या सीटवर, पट्टा लावून. तासभर! पोरं काचेला नाकं लावून वेडावून दाखवतायत, आणि भाऊजी ताटलीत केक घेऊन खिडकीशी उभे.

आजी : माझा थोरला? जो स्वतःच्या हातानं पाणी घेत नाही, तो?

सून : तेच. आणि मी ओरडले तिच्यावर. म्हटलं, सगळे तुझ्यासाठी एवढं करतायत, शोभतं का हे?

आजी : ओरडलीस तर ओरडलीस. आई झालीस, त्यात ओरडणं आलंच.

सून : ऐका तर. येताना सिग्नलला थांबलो. मागून विचारते, ‘मग कोणतं?’ म्हटलं, कोणतं काय? तर म्हणे, ‘मला ठेवायचं घर. मावशीचं नाही, काकांचं नाही. मग कोणतं?’

आजी : अगं बाई.

सून : हिरवा दिवा लागला, मागचे हॉर्न बोंबलायला लागले, आणि मला गियर सापडेना. बारा वर्षं बस चालवतेय मी.

आजी : पण ठेवायचं म्हणजे? दत्तक घेतलीये आपण तिला. सात महिने झाले. कागद झाले, सह्या झाल्या.

सून : सह्या तुम्हा-आम्हाला कळतात. तिला कळतं ते वेगळं. आपल्याकडे यायच्या आधी संस्था, त्याआधी दोन घरं. दर वेळी असंच. माणसं जमलेली, केक, नवी बाहुली, आणि कुणीतरी गुडघ्यावर बसून म्हणतं, ‘हे तुझंच घर हं.’ ही बाहुलीत रमली, की सोबत आलेली बाई मागच्या मागं निघून जाते. पोरीनं रडू नये म्हणून.

आजी : म्हणून बूट.

सून : म्हणून बूट. म्हणून पुडकं उघडायचं नाही. रमायचंच नाही कुठं.

आजी : आणि मी दारातच तेच बोलले. वर तिचं नाव शिवून ठेवलंय.

सून : तुम्हाला काय माहीत? मलाच सात महिने कळलं नाही. आमच्या घरी नीट असते हो. मला आई म्हणते. पण आई म्हणायला तिला वेळ लागत नाही. माझ्याआधी दोघींना म्हणून झालंय.

आजी : हं. ये, बस जरा.

सून : बसून कसं चालेल? साडेतीन वाजले. चारला ड्यूटी आहे.

आजी : आज? आज तर सुट्टी होती तुझी.

सून : जिची पाळी होती तिला ताप आलाय. सकाळीच फोन आला. नाताळ म्हणून निम्मे ड्रायव्हर रजेवर, नाही तरी कसं म्हणू? आणि हे पहाटे तीनपासून भट्टीवर. रात्री नऊच्या आत बेकरीतून पाय निघायचा नाही.

आजी : जग केक खातं आणि माझा लेक तो भाजत बसतो. म्हणजे आज तू तिला खरंच इथं ठेवून जाणार.

सून : चार तास. नाहीतर फोन करते डेपोत. व्हायचं ते होईल.

आजी : नको करूस. आज नाही गेलीस तर उद्या जावंच लागेल. गेलेलं माणूस त्या पोरीनं पुष्कळ पाहिलंय. गेलेलं आणि परत आलेलं पाहिलेलं नाही. कधीतरी पाहू दे की.

सून : पण सांगायचं काय तिला?

आजी : जे सांगायला जीभ रेटत नाही, तेच. अकरा वर्षं तुमच्याकडच्या नातवंडाची वाट पाहिली मी. कुणाच्या बारशाला गेले की आठवडाभर शिवणाच्या मशीनवर बसवायचं नाही मला. आणि आता माझ्याच तोंडानं... असो. बोलाव तिला.

सून : खारू, ये बाळा इकडे.

खारू : निघायचं?

सून : मी निघतेय. कामावर. आठ वाजता येते. तोवर तू आजीजवळ थांबशील?

खारू : बरं.

सून : बरं?

खारू : मी रडणार नाही.

आजी : खारूबाई, माझ्याकडे बघ. मघाशी दारात मी तुला खोटं सांगितलं. हे घर तुझं नाही.

खारू : नाही?

आजी : मुळीच नाही. माझं आहे. दोन खोल्या, त्यात हे शिवणयंत्र, हे कापडाचे गठ्ठे, आणि मी अशी ऐसपैस. तुला ठेवायला जागा आहे कुठं? तू पाहुणी. पाहुणे येतात, केक खातात, चार गप्पा मारतात आणि आपापल्या घरी जातात.

खारू : पण उशीवर नाव आहे.

आजी : चुकून झालं. शिवणारीच्या हातून होतं असं. उसवून टाकू.

खारू : आणि ही आली नाही तर?

सून : अगं, मी...

आजी : तू थांब. आली नाही तर तुला कोटाबुटासकट डेपोत नेईन. तिथल्या साहेबाला म्हणेन, ‘घ्या तुमच्या ड्रायव्हरबाईंची पोरगी. मी काही ठेवून घेणार नाही.’

खारू : नक्की ठेवून घेणार नाही?

आजी : नक्की नाही ठेवून घेणार.

खारू : मागची बाई पण म्हणाली होती, येते म्हणून.

आजी : ती गेल्यावर दिसली कधी?

खारू : नाही.

आजी : ही दिसेल. हिची सत्तावीस नंबरची बस या खिडकीखालूनच जाते.

सून : सव्वाचार, सव्वापाच, सव्वासहा, सव्वासात. चार वेळा. मग बस डेपोत लावते आणि आठला दारात.

खारू : मी खिडकीत बसते. बूट काढायचे का?

आजी : तुझे पाय, तुझे बूट. पाहुण्यांना आपण काही सांगत नाही.

(सून गेली आहे. खिडकीशी दोन खुर्च्या.)

खारू : आली! सत्तावीस! तिनं हात केला!

आजी : हात कसला करते? दोन्ही हात चाकावर असतात.

खारू : मग मान हलवली.

आजी : हां, मान हलवली असेल. एक फेरी झाली.

खारू : ती गेली तिकडे काय आहे?

आजी : बाजार. मग दवाखाना, मग पूल. पुलापलीकडं मोठं मैदान. तिथं बस वळते.

खारू : वळतेच?

आजी : पुढं रस्ताच नाही. न वळून सांगते कुणाला?

खारू : तुम्ही गेलाय तिथं?

आजी : कितीदा. गेले आणि आले. केक देऊ? तुझ्या बाबानं पाठवलाय. जरा करपलाय एका अंगानं, म्हणून आपल्या वाट्याला.

खारू : बस गेल्यावर खाईन.

आजी : आत्ताच तर गेली.

खारू : दुसरी गेल्यावर.

आजी : बरं बाई. मग मी या ब्लाउजला काजं करते. तू पहारा कर.

खारू : सव्वापाच कधी होतात?

आजी : झाले आत्ताच. तासाभरात काजंही संपली माझी.

खारू : मग?

आजी : येईल.

खारू : ती लाल होती. नंबर दुसरा होता.

आजी : हं. आणखी पाच मिनिटं.

खारू : झाली पाच मिनिटं. मी खाली जाऊन उभी राहते.

आजी : थांब, मीही येते. माझ्या चपला कुठं गेल्या? पलंगाखाली बघ गं. एक सापडली तर दुसरी नाही, अगदी माझ्या दोन लेकांसारखं... खारू! ती बघ!

खारू : सत्तावीस! आईच आहे! किती उशीर केला.

आजी : आज गर्दी केवढी. ज्याला त्याला आपल्या आत्याकडं नाहीतर मामाकडं जायचंय. कडेवर पोर, काखेत पुडकी. चढायला वेळ लागणारच.

खारू : तुम्ही घाबरला होतात?

आजी : जराशी.

खारू : मी पण जराशी.

आजी : चल, आता दोघींनी केक खायचा. घाबरल्यावर गोड चांगलं.

खारू : करपलेलं मला आवडतं. हा बूट चावतोय.

आजी : चावऱ्या बुटाला खुर्चीखाली बांधून ठेवतात.

खारू : दोन्ही ठेवते. दाराशी नको. इथंच, हाताशी.

आजी : इथंच.

खारू : ती उशी खरंच उसवणार?

आजी : सांगितलं ना. आण इकडं. हा साखळीटाका आहे. याचा शेवट सापडला की कात्री लागत नाही. हे बघ, हे टोक. धर आणि ओढ.

खारू : आली! सरसर आली! सगळंच अक्षर गेलं!

आजी : जाणारच. आठ दिवसांचं काम, आठ क्षणांत.

खारू : तुम्हाला राग आला?

आजी : छे गं. ज्याला उसवायचा कंटाळा, त्यानं शिवू नये. माझं निम्मं आयुष्य उसवण्यात गेलं. ओढ तू. मी म्हणते तुला शिवणीचं गाणं.

सुई गेली खाली, झाली दिसेनाशी,
दोरा तिचा आहे माझ्या बोटापाशी.

खारू : पुन्हा.

आजी : सुई गेली खाली, झाली दिसेनाशी...

खारू : बस गेली दूर, झाली दिसेनाशी. वळली वळली... मैदानापाशी!

आजी : अगं अगं! हे कुणी शिकवलं तुला?

खारू : आपोआप आलं. भोकं राहिलीत इथं.

आजी : धुतलं की बुजतात. कापडाला सगळं लक्षात ठेवायची सवय नसते.

खारू : सव्वासहा! ये ना, लवकर ये. बघ, बसमध्ये दिवे लागलेत. सगळी माणसं दिसतायत.

आजी : आणि तुझी आई?

खारू : ती काळोखात आहे. पुढं दिवा लावत नाहीत, नाहीतर रस्ता दिसत नाही. तिनंच सांगितलंय मला. तुला माहीत नव्हतं?

आजी : नव्हतं बाई. साठी उलटली तरी कुणी सांगितलं नाही.

खारू : मावशीचं पुडकं उघडलं तर मावशीकडे राहावं लागतं?

आजी : कुठल्या गावचा कायदा हा? उघडायचं, घ्यायचं आणि घरी न्यायचं. मावशीला हवं तर आभाराचा फोन करायचा.

खारू : मग उघडू?

आजी : कागद फाडू नकोस हां, मला नमुने कापायला होतो. ए, फाडलासच! फाड, फाड. दणक्यात फाड.

खारू : रंग आहेत! चोवीस रंग! मी बस काढते. आजी, पुलाला किती पाय असतात?

आजी : सहा तरी काढ. पूल आहे, स्टूल नव्हे.

खारू : ही बाजारातली माणसं. हा काका, ताटली घेऊन. ही तू, खिडकीत.

आजी : एवढी जाडी?

खारू : ऐसपैस. तूच म्हणालीस.

आजी : बोलले खरी. जीभ आवरायला हवी माझी. आणि तू कुठं आहेस यात?

खारू : मी चित्र काढतेय ना. मग चित्रात कशी असेन?

आजी : तेही खरंच. खारू...

खारू : हलू नकोस. तुझे केस राहिलेत.

आजी : नाही हलत. पण तुझी चौथी बस गेली गं आत्ता. सत्तावीस नंबर.

खारू : गेली?

आजी : गेली. मीच बघितली. तू मान वर केली नाहीस.

खारू : मग ती येईलच आता. चहा टाकून ठेव. नको, थांब. आत्ताच नको. तिला गार झालेला चालत नाही.